वजन जास्त आहे, एंड्युरो बाइकचा मागचा शॉक खाली बसतो: प्रीलोड आवळून भागेल की स्प्रिंगच बदलावी लागेल?

मातीवरचा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात एक वापरलेली २५० सीसी फोर स्ट्रोक एंड्युरो बाइक घेतली, मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉक यांना जोडणाऱ्या दांड्यांचा) शॉक, मॅन्युअलमध्ये मागचं ट्रॅव्हल, म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर-खाली होतं ते, साधारण ३०० मिमी दिलंय. माझं वजन ९८ किलो, बूट, हेल्मेट, नी गार्ड, पाण्याची बॅग सगळं चढवलं की वजनकाट्यावर १०७ भरतो. गाडी सुंदर आहे, इंजिनबद्दल काही तक्रार नाही, पण मी बसलो की मागून पार खाली जाते, वळणात पुढचं चाक धरत नाही, बाहेर बाहेर जातं, आणि चढावर पुढचं चाक उचलायला बघतं. छोट्याशा उडीनंतरसुद्धा मागून धाडकन टेकते, दणका थेट कमरेत.

ओळखीच्या एकाने सांगितलं की प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळ, स्प्रिंग कडक होईल. तर मी शॉकवरची रिंग पाच पूर्ण फेरे आवळली. त्याआधी मी बसल्यावर सॅग, म्हणजे वजनाने मागचा भाग किती खाली बसतो ते, १२४ मिमी होता, आता १०४ आहे, म्हणजे पुस्तकात सांगतात त्या १०० ते १०५ मध्ये बरोब्बर बसला. गाडी आता उंच दिसते, वळते पण बरी. पण दगडांच्या वाटेवर मागचं चाक उसळ्या मारतं, मी सीटवरून फेकला जातो, आणि मोठ्या खड्ड्यात टेकणं मात्र चालूच आहे. सॅग बरोबर असून असं का होतंय? क्लिकरला (शॉकच्या हालचालीचा वेग कमी-जास्त करायचे स्क्रू) अजून हातही लावलेला नाही. काय करू, कुठून सुरुवात करू?

---

पाना_आणि_तेल

फ्री सॅग किती आहे? म्हणजे तू न बसता, गाडी फक्त स्वतःच्या वजनाने किती बसते ते. तो आकडा दे, आधीचा आणि आत्ताचा दोन्ही जमले तर फारच छान. नुसत्या बसलेल्या सॅगवरून अर्धीच गोष्ट कळते.

---

मातीवरचा

आधीचा ३६ होता, वहीत लिहून ठेवला होता म्हणून सापडला. आत्ता मोजला तर १६. फ्री सॅग कमी झाला म्हणजे स्प्रिंग कडक झाली असंच ना?

---

पाना_आणि_तेल

नाही, आणि सगळी गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो, तो तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि व्यास यावर ठरतो, कारखान्यातून बाहेर पडल्यावर तो बदलत नाही. तू रिंग आवळलीस तेव्हा फक्त गाडी जिथे उभी राहते ती उंची वर नेलीस. आटे साधारण दीड मिमीचे असतात, लिंकेज ते चाकापाशी अडीच-तीन पट करतं, म्हणून एका फेऱ्याला सॅगमध्ये ४ मिमीच्या आसपास फरक पडतो. तुझे पाच फेरे, २० मिमी. तुझा हिशोब तंतोतंत जुळतोय.

आता तुझेच आकडे शेजारी ठेवून बघ. आधी १२४ वजा ३६, म्हणजे ८८. आता १०४ वजा १६, परत ८८. तू बसल्यावर गाडी जी जास्तीची खाली जाते ती ८८ मिमी, प्रीलोड कितीही फिरव, तो आकडा जवळपास तोच राहणार, कारण तो तुझं वजन विरुद्ध स्प्रिंगचा रेट एवढाच हिशोब आहे. साधारण ३०० मिमी ट्रॅव्हलच्या गाडीत बसल्यावर १०० ते १०५ आणि न बसता ३० ते ४० असं पाहिजे, म्हणजे फरक ७० च्या आसपास. तुझा ८८ आहे. स्प्रिंग तुझ्यासाठी मऊ आहे, विषय संपला.

लोकांना उलटं वाटतं ते हेच, की फ्री सॅग कमी म्हणजे स्प्रिंग कडक. बसलेला सॅग बरोबर जमवल्यावर फ्री सॅग कमी निघाला तर स्प्रिंग मऊ आहे, कारण ती मऊ असल्यामुळेच तुला एवढी आवळावी लागली. आणि फ्री सॅग ५० वगैरे निघाला तर स्प्रिंग जास्त कडक आहे.

मग उसळ्या का येतात? फ्री सॅग म्हणजे चाकाला खाली जायला शिल्लक असलेली जागा. दगडावरून उतरल्यावर चाक खाली जाऊन जमीन धरायला हवं, तुझ्याकडे गाडी हलकी झाली की फक्त १६ मिमी उरतात, शॉक पूर्ण उघडून वरच्या टोकाला ठक्क लागतो आणि मागचा भाग फेकला जातो. वर रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) अजून मूळ सेटिंगवर असेल, तेही भर घालतंय. खाली टेकणं थांबलं नाही कारण रेट तोच आहे, तू फक्त सुरुवातीची जागा २० मिमी वर नेलीस. अजून आवळत गेलास तर धोका वेगळाच, प्रीलोड आणि शॉकची पूर्ण धाव मिळून स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू शकतात, तसं झालं की धातूवर धातू आणि तो मार थेट शॉकच्या आणि लिंकेजच्या बोल्टवर. तेव्हा रिंगला आता हात लावू नकोस.

एक विचारतो, मोजलंस कसं? एकट्यानेच बसून वाकून टेप बघितलास का?

---

मातीवरचा

हो, एकट्यानेच, भिंतीला एक हात टेकवून. चुकलं का?

आणि ८८ चा हिशोब वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला, हे कुणी आधी सांगितलं असतं तर महिनाभर कंबर वाचली असती.

---

पाना_आणि_तेल

वाकलास की वजन पुढे जातं, ५ ते १० मिमी सहज खोटे येतात. तीन माणसं लागतात. एक जण गाडी हँडलला धरून सरळ ठेवणार, पण गाडीवर वजन टाकायचं नाही, दुसरा मोजणार, आणि तू पूर्ण सामान घालून, टाकी नेहमी भरतोस तेवढी भरून, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून नेहमी चालवतोस तसा बसणार.

आधी स्टँडवर, मागचं चाक हवेत लोंबकळत असताना ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा साइड पॅनेलवर एक खूण कर, टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मार, आणि तिन्ही मापं त्याच दोन बिंदूंमधली घे. खूण तिरकी पकडलीस तर सगळंच चुकतं. ॲक्सल वर-खाली होताना कमानीत सरकतो, खूण जागेवरच राहते, म्हणून खूण ॲक्सलच्या शक्य तितकी डोक्यावरच असावी. मग गाडी जमिनीवर, तू नाहीस, दोनदा दाबून सोड, माप घे. मग तू बसलास की माप.

सील आणि बेअरिंगमधल्या घर्षणामुळे गाडी दरवेळी थोडी वेगळ्या जागी थांबते. त्यामुळे एकदा मागून हलकंच खाली दाबून सोडून माप घ्यायचं, एकदा वर उचलून सोडून घ्यायचं, आणि मधला आकडा धरायचा. या दोन मापांत जर १२-१५ मिमीचा फरक येत असेल तर आधी लिंकेज उघडून बघ, बेअरिंग कोरडी पडली असतील किंवा गंजली असतील. वापरलेल्या गाडीत हे फार वेळा सापडतं, आणि अडखळणाऱ्या लिंकेजवर कितीही महाग स्प्रिंग लावली तरी गाडी दगडावर कडकच लागणार.

---

डोंगरवाट

मी वजनाने तुझ्यापेक्षा जास्त आहे, ११२ किलो, आणि मी एक स्वस्त मार्ग सांगतो. फोर्कमध्ये (पुढच्या सस्पेन्शनमध्ये) आणि शॉकमध्ये जाड तेल टाक, ५ डब्ल्यूच्या जागी १० डब्ल्यू, सगळं मस्त घट्ट होतं. कॉम्प्रेशनचे (दबण्याचा वेग रोखणारे) क्लिकर पूर्ण आत फिरव. स्प्रिंग वगैरेची गरज नाही, मी दोन वर्षं असाच चालवतोय.

---

पाना_आणि_तेल

@डोंगरवाट दादा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण हा सल्ला मी कुणाला देणार नाही, आणि कारण सांगतो.

वजन उचलून धरते ती स्प्रिंग. तेल वजन उचलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग रोखतं. गाडी उभी असताना कितीही जाड तेल असलं तरी सॅग तोच राहतो, एक मिमी फरक पडत नाही. जाड तेलाने कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम मंद होतात, छोट्या दगडावर चाक वर यायलाच वेळ लावतं म्हणून हात दुखतात, आणि लागोपाठ खड्डे आले की पहिल्या खड्ड्यातून शॉक पूर्ण वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी ट्रॅव्हलच शिल्लक राहत नाही. कडक लागते म्हणून माणूस अजून मऊ करायला जातो, खरं तर ती खाली अडकलेली असते.

दुसरं, शॉकच्या आत नायट्रोजन असतो, साधारण १० बारच्या आसपास दाबाने भरलेला. तो घरी उघडायचा नाही, माहितगार सस्पेन्शनवाल्याकडेच. फोर्क घरी करता येतो, शॉक नाही.

---

दोनचाकी_वेडी

माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे पण इथे उपयोगी पडेल. माझं वजन सामानासकट ६२ किलो. बसलेला सॅग १०० ला आणला तर फ्री सॅग ५४ निघाला, आणि मी तेव्हा वर कुणीतरी केलं तसंच समजले, की फ्री सॅग जास्त म्हणजे स्प्रिंग मऊ आहे, आणि अजून कडक स्प्रिंग मागवायला निघाले होते! माझ्या भावाने थांबवलं. मऊ स्प्रिंग लावली आणि पहिल्यांदा असं वाटलं की चाकं जमिनीला चिकटलीयेत.

@मातीवरचा, नवीन स्प्रिंग घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की कर, आत्ता जी लावलेली आहे तिच्यावर कोरलेला किंवा छापलेला आकडा वाच, चिखल पुसून, टॉर्च लावून. वापरलेली गाडी आहे, आधीच्या मालकाने काय बसवलं असेल सांगता येत नाही. आकडा बहुतेक न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये असतो, काही ठिकाणी किलो प्रति मिलिमीटर, एक किलो म्हणजे ९.८ न्यूटन, तेवढं गुणून घे म्हणजे गोंधळ होणार नाही.

आणि क्लिकरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आत्ता जे सेटिंग आहे ते आधी मोजून लिही. स्क्रू उजवीकडे फिरवत किती क्लिकवर बंद होतो ते मोजायचं, शेवटी हलक्या हाताने, कधीच जोर लावायचा नाही, आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. मग तेवढेच क्लिक परत मागे. मोजणी नेहमी बंदपासून बाहेर अशीच होते. नोंद नसली की चार बदल केल्यावर तू कुठे होतास हेच कळत नाही, मी या चुकीत एक पूर्ण हंगाम घालवलाय.

---

मातीवरचा

स्प्रिंगवर ४८ आहे, न्यूटनमध्ये. लिंकेज उघडलं, एक बेअरिंग खरंच कोरडं होतं, लाल गंज, ते बदललं, बाकीच्यांना ग्रीस भरलं. तीन जणांनी परत मोजलं, आकडे १०४ आणि १६ च आले, त्यामुळे ८८ पक्का. मग किती घेऊ? सरळ प्रमाण लावलं, ८८ भागिले ७०, तर ६० येतंय. एवढी कडक?

---

पाना_आणि_तेल

६० घेऊ नकोस. लिंकेजमुळे हे गणित सरळ रेषेत चालत नाही, चाक जसं वर जातं तसं शॉकवरचं प्रमाण बदलतं, म्हणून त्रैराशिक बऱ्याचदा जरा जास्तच कडक उत्तर देतं. शिवाय तू जंगलवाट, दगड, उभे चढ असं हळू चालवतोस, मोठ्या उड्या नाहीत. मी तुझ्या जागी असतो तर ५४ घेतली असती. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये रायडरच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचा तक्ता असेल, तोही बघ, आणि दोन आकड्यांच्या मध्ये अडकलास तर हळू वाटांसाठी मऊ बाजूची निवड.

बसवताना रिंगचे आटे आधी ब्रशने स्वच्छ कर, तेल मार, मग लॉक नट सोडव. छिन्नी-हातोड्याने ठोकू नकोस, ॲल्युमिनियमची रिंग आहे, दोनदा ठोकलीस की कडा जातात, हुकवाला पाना मिळतो तोच वापर.

आणि कडक स्प्रिंग दाबली की जास्त जोराने परत उसळते, म्हणून रिबाउंड मंद करावा लागेलच. दोन क्लिक आत, चालवून बघ, मग अजून एक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दरवेळी तोच पाच-सात मिनिटांचा रस्ता, ज्यात दगड आहेत, एक चढ आहे आणि एक जोराचा खड्डा आहे.

---

मातीवरचा

तीन आठवड्यांनी परत आलो. ५४ ची स्प्रिंग बसवली. बसलेला सॅग १०४, फ्री सॅग २६! फरक ८८ वरून ७८ वर आला. आणि आधी पाच फेरे आवळलेली रिंग यावेळी बरीच सैल ठेवूनही सॅग जमला. रिबाउंड तीन क्लिक आत घेतला. काय सांगू, मागचं चाक आता दगडावरून नुसतं पाण्यासारखं जातं, चढावर माती धरून राहतं, आणि सीटवरून फेकलं जाणं पूर्ण बंद. मोठ्या खड्ड्यात एकदाच टेकली, तीही हलकी.

पण आता पुढचा त्रास सुरू झाला. उतारावर ब्रेक मारला की फोर्क खाली डुबकी मारतो, आणि वेगात हँडल थोडं थरथरतं, जे आधी अजिबात नव्हतं. फोर्कच्या पायाला (दोन नळ्यांपैकी एकीला) मी झिप टाय बांधून बघितला, प्रत्येक राइडला तळापर्यंत जातो.

---

पाना_आणि_तेल

फोर्क आधीपासूनच मऊ होता, तुला कळत नव्हतं कारण मागचा भाग खाली बसल्यामुळे वजन मागे जात होतं. आता मागून उचललं गेलं तर वजन पुढे आलं. अपेक्षितच आहे, घाबरू नकोस.

फोर्कच्या स्प्रिंगा बदल. स्टॉकमध्ये (कंपनीच्या मूळ गाडीत) साधारण ४.२ ते ४.६ न्यूटन प्रति मिमी एका पायात असतात, तुझ्यासाठी ४.८ च्या आसपास. दोन्ही पायांत असतील तर दोन्ही सारख्या, काही फोर्कमध्ये फक्त एकाच पायात स्प्रिंग असते, ते आधी उघडून खात्री कर. इथेही तोच नियम, आतला प्रीलोड वाढवून वजनाची भरपाई करायची नाही. तू बसल्यावर पुढचा सॅग ६० ते ७५ मिमीच्या आत आला की ठीक.

तेल बदलशील तेव्हा पातळी मोज. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, ट्यूबच्या वरच्या काठापासून तेलापर्यंत किती मोकळी जागा आहे ते. ही हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते, मुख्यतः ट्रॅव्हलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. स्प्रिंग बरोबर असूनही अजून टेकत असेल तर ही जागा ५ मिमीने कमी कर, म्हणजे तेल वाढव. सुरुवातीची हालचाल मऊच राहते आणि शेवट कडक होतो. पण आधी स्प्रिंग, मग हे.

थरथर कशामुळे, मागचा भाग वर आल्याने फोर्कचा कोन जास्त उभा झाला. फोर्क ट्रिपल क्लॅम्पमधून (हँडलखाली फोर्क धरणाऱ्या पकडीतून) वर काढलेले असतील तर २-३ मिमी खाली घे. वर-खाली करताना पुढचं चाक हवेत ठेव, पूर्ण दाबल्यावर टायर मडगार्डला किंवा रेडिएटरला लागत नाही ना हेही बघ. आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळ, टॉर्कवाल्या पान्याने. अंदाजाने ताण दिला की ट्यूब दबते आणि फोर्क अडखळतो, मग परत सगळा दोष स्प्रिंगला.

---

दोनचाकी_वेडी

यात दोन गोष्टी जोडते. चाक परत बसवताना ॲक्सलचा नट आवळ, पण खालचे पिंच बोल्ट (ॲक्सल फोर्कच्या पायात आवळून धरणारे) सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाब, मग ते पिंच बोल्ट घट्ट कर. दोन्ही पाय आपोआप समांतर बसतात. हे न केल्याने माझा फोर्क महिनाभर कडक लागत होता. आणि फोर्कवर ब्लीड स्क्रू असतील तर राइडच्या आधी पुढचं चाक हवेत असताना क्षणभर उघड, तापल्यावर आत साचलेली हवा निघून जाते, नाहीतर दिवसभरात फोर्क कडक होत जातो.

कुणाकडे एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा) असेल तर त्याला स्प्रिंग बदलायचीच नसते, पंपाने दाब वाढवायचा, वजनाप्रमाणे तक्ता असतो. दाब नेहमी गाडी थंड असतानाच बघायचा.

---

डोंगरवाट

हा सगळा धागा वाचून मी आज माझी गाडी मोजली, बायको, मुलगा आणि मी असे तिघे. माझा बसलेला सॅग १३८, फ्री सॅग ३३. फरक १०५ मिमी. ट्रॅव्हल तुमच्याच गाडीइतकं आहे. दोन वर्षं मला वाटत होतं माझ्या गाडीचा स्वभावच असा जड आहे. स्प्रिंगवर आकडा दिसत नाहीये, पुसून पुसून थकलो, आकडा नसेल तर रेट कसा काढायचा?

---

पाना_आणि_तेल

@डोंगरवाट दादा, स्प्रिंग शॉकवरून काढा, मोठ्या वजनकाट्यावर उभी ठेवा, प्रेसने किंवा मजबूत व्हाइसने आधी थोडी दाबा, काट्यावरचा आकडा घ्या, मग बरोबर १० मिमी अजून दाबा आणि परत आकडा घ्या. फरक किलोमध्ये येईल त्याला ९.८ ने गुणा आणि १० ने भागा, झाले न्यूटन प्रति मिलिमीटर. काटा निदान १०० किलोपर्यंतचा हवा. आणि दाबताना स्प्रिंगच्या रेषेत तोंड ठेवू नका, सटकली तर गोळीसारखी जाते. जमत नसेल तर सस्पेन्शनवाल्याकडे टेस्टर असतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आकडा मिळाला की इथे टाका, सोबत चालवण्याचा प्रकारही लिहा. आणि त्या आधी क्लिकर पूर्ण आत आहेत ते मूळ जागी आणा, तेलही बदलून परत ५ डब्ल्यूच टाका, नाहीतर नवीन स्प्रिंगचा फरक तुम्हाला कळणारच नाही.

---

मातीवरचा

फोर्कच्या ४.८ च्या स्प्रिंगा मागवल्यात. उतरवून बघितलं तर आतल्या ४.४ च्या होत्या. क्लॅम्पमध्ये फोर्क ५ मिमी वर होते, मूळ जागी आणले, थरथर आजच निम्मी झाली.